हाडातला कांदा

लहान मुलांच्या हाडांतल्या गाठी शोधायच्या आणि काढायच्या, हा माझा धंदा. नाशिकमध्ये हे काम करणारे फार नाहीत, त्यामुळे माझ्या चुका काढायलाही फारसं कुणी नाही. ते काम बहुतेक वेळा पेशंटच्या आयांनाच करावं लागतं.

त्यातली एक लासलगावकडची. नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. खो-खो खेळताना पोरीची मांडी दुखायची, थोडी सूजही होती. मुका मार असेल म्हणून महिनाभर शेक झाला, लेप झाला, मग एक्स-रे झाला. तो मी दिव्यावर लावला आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. मांडीच्या हाडावर एकावर एक पापुद्रे चढलेले! शेजारी माझी ज्युनिअर डॉक्टर उभी होती. तिला रुबाबात म्हणालो, "लुक, ऑनियन पील!"

इंग्रजीत बोललं की नातेवाइकांना कळत नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी अंधश्रद्धा. ही बाई व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदे निवडायला जायची. गोणीगोणीवर छापलेला तो शब्द तिला चांगला पाठ होता.

"सायेब, कांदा म्हनलात ना?"

"हो... म्हणजे कांद्यासारखं. हाडावर पदर चढलेत."

तिनं पुढं होऊन एक्स-रे निरखला. "डबल पत्ती हाय की! असा दोन सालींचा माल लय टिकतो."

टिकायला नको होता, हीच तर पंचाईत. मग मी खुर्ची ओढून नीट बसलो आणि सरळ सांगितलं. असे पदर हाडाच्या कॅन्सरमध्ये दिसतात, हाडात पू झाला तरी दिसतात, आणि कधीकधी एका साध्या गाठीतही दिसतात. यातलं कोणतं, ते आतला तुकडा काढून तपासल्याशिवाय कळणार नाही.  बाईनं पोरीची वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली. आधीची वेणी चांगली होती.

तुकडा काढायच्या दिवशी पोरीनं माझ्याकडे तक्रार केली. "डॉक्टरकाका, आई मला मिसळीवर कांदा घेऊ देत नाय."

"हाडात कांदा आन् पोटात बी कांदा? नाय जमायचं," आई म्हणाली.

खाण्याचा आणि याचा काही संबंध नाही, हे मी पंधरा मिनिटं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "रिपोर्ट येऊ द्या, मग बगू." तिच्या गल्लीत आणखी दोन घरांनी कांदा सोडल्याचंही कानावर आलं. थेट लासलगावात कांद्याला विरोध उभा करणारा मी पहिलाच डॉक्टर असेन.

पोरीला भूल दिली, सुई घातली आणि पाच मिनिटांत तुकडा घेऊन बाहेर आलो. "झालं पण!" असं म्हणालोसुद्धा. आठवड्यानं रिपोर्ट आला: नमुना अपुरा, पुन्हा पाठवा. ज्या पापुद्र्यांवर मी व्याख्यान झोडलं होतं, तेवढेच टोचून परत आलो होतो. आत पोचलोच नव्हतो.

आईला हे सांगताना मी खिडकीबाहेर बघत होतो.

"सायेब," ती म्हणाली, "वरचे चार कांदे बघून ट्रॉलीची बोली लावली व्हय? आमचा व्यापारी कोपरापर्यंत हात घालतो. खालचा माल उपसून बघतो, मग तोंड उघडतो."

ज्युनिअरला एकदम खोकला आला.

दुसऱ्या वेळी छोटा छेद घेतला आणि पापुद्रे ओलांडून थेट हाडाच्या पोकळीत गेलो. ज्युनिअर मास्कमधून म्हणाली, "सर, कोपरापर्यंत?" यावेळी मी तुकडे चार घेतले.

रिपोर्ट आला तेव्हा मायलेकी समोर बसल्या होत्या. मी कागद उघडला आणि सवयीनं सुरुवात केली, "हे बघा, शरीरात काही पेशी असतात, त्या कधीकधी..."

"चांगलं का वाईट?"

"म्हणजे या पेशी जेव्हा..."

"सायेब! एक शब्द!"

"चांगलं."

तिनं पदर तोंडावर घेतला. खांदे हलत होते. हसतेय की रडतेय ते मला कळेना, आणि वरवर बघून बोलायचं नाही हे मी नुकतंच शिकलो होतो.

पोरीनं आईचा पदर ओढला. "मग मी कांदा खाऊ?"

कॅन्सर नव्हता, ती साधी गाठ होती. बाकीची हाडं तपासली, तिथं काही नव्हतं. मग ऑपरेशन करून गाठ आतून खरवडून काढली. पोरगी वॉकर घेऊन घरी गेली आणि जाताना वाटेत मिसळीच्या दुकानात थांबली, असं मला नंतर कळलं. कांदा दोनदा मागून घेतला.

सहा महिन्यांनी मायलेकी पुन्हा आल्या. पोरगी जिन्यावरून एकेक पायरी सोडून वर आली आणि आईच्या शिव्या तिच्या मागून आल्या. नवा एक्स-रे मी दिव्यावर लावला. पोकळी भरून आली होती, पापुद्रे हाडात विरघळून गेले होते. यावेळी मी तोंड घट्ट मिटून उभा राहिलो. आईनंच पुढं होऊन पाहिलं, अगदी खळ्यावर बघावं तसं.

"आता कसं," ती म्हणाली. "बटाट्यावानी दिसतंय."

हे केसपेपरवर लिहू नकोस, असं मी ज्युनिअरला डोळ्यांनी खुणावलं. तिनं लिहून टाकलं होतं.