पाद्यपूजेचं पाणी

मेहरूणमधल्या आमच्या शेजारच्या काकूंना दानधर्माची भारी हौस. डाळ मिल नवऱ्याची होती, पुण्य यांचं. थंडीत ब्लँकेटं, उन्हाळ्यात पाणपोई, आणि मधल्या महिन्यांत कोणावर उपकार करावेत या काळजीनं त्यांना झोप लागत नसे. मी तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात शिक्षिका होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले आणि बोलता बोलता सांगून बसले की आमच्याकडे उन्हाळ्यात पोरांच्या पायांतून नारू निघतात. काकूंचे डोळे भरून आले. उन्हाळ्यात गावात शिबिर घ्यायचं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं.

गावाला पाणी एकाच बारवेचं. पायऱ्या उतरायच्या, घोट्याभर पाण्यात उभं राहायचं, घागर भरायची. नारू झालेल्याचा पाय पाण्यात बुडाला की जखमेतून नारूची डोळ्यांना न दिसणारी पिलावळ पाण्यात उतरते, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभरानं पांढऱ्या दोऱ्यासारखा नारू बाहेर येतो. आरोग्य खात्याचा माणूस हे सांगून गेला होता. मग गावानं ठरवलं, की नारूवाल्यानं पायरी उतरायची नाही आणि पाणी फडक्यानं गाळून प्यायचं. बायका माझ्याशी कडाकडा भांडल्या, पण त्यांनी ऐकलं. त्या उन्हाळ्यात नारूची मोजकीच पोरं उरली होती.

त्यातली एक माझ्या चौथीतली. आदल्या वर्षी गुडघ्यात नारू निघाला आणि तिची परीक्षा बुडाली. पाचवीची शाळा शेजारच्या गावात, जायचं पायी. बापानं बजावलं होतं, पाय धड असेल तर शाळा, नाही तर बस घरी. तिची आई रोज सकाळी घोट्यातून आलेलं नारूचं टोक काडीवर गुंडाळायची आणि अगदी थोडंसं ओढायची. घाई केली की नारू आत तुटतो, पाय भोपळ्यासारखा सुजतो. मुलगी दात आवळून पाढे म्हणायची.

ठरल्याप्रमाणे जीप आली. जीपमध्ये केळी, हार, फोटोवाला, काकूंच्या मंडळातल्या बायका, आणि उरलेल्या जागेत एक डॉक्टर. डॉक्टर भला माणूस, आल्या आल्या पट्ट्या काढून बसला. पण काकूंनी त्याला थांबवलं. पट्टीच्या आधी पाद्यपूजा. मुलं म्हणजे देव, त्यांचे पाय मंडळ स्वतः धुणार, आणि तेही बारवेच्या पायरीवर, कारण फोटोत पाणी शोभून दिसतं.

"काकू, हे पाय पाण्यात गेले तर पुढच्या वर्षी गावभर नारू होईल," मी म्हटलं.

"अगं, मग तसं सांगायचं ना," काकू म्हणाल्या.

त्यांनी खरंच ऐकलं. पितळी परात मागवली, पाणी वर आणवलं, बारवेपासून लांब, लिंबाखाली पोरांना ओळीनं बसवून पाय धुतले. हळदकुंकू झालं, फुलं झाली. माझ्या चौथीतल्या मुलीचा घोटा काकू इतक्या मायेनं चोळत होत्या की काडी निसटते की काय या भीतीनं तिच्या आईनं डोळेच मिटून घेतले. मी मात्र लढाई जिंकल्याच्या खुशीत डॉक्टरला कापूस देत बसले.

मान वर केली तेव्हा काकू परात सांभाळत बारवेच्या पायऱ्या उतरत होत्या. मी ओरडत धावले. पोचले तेव्हा परात रिकामी होती.

"पूजेचं पाणी पायदळी येऊ नये गं," काकू समजुतीनं म्हणाल्या. "म्हणून विहिरीत सोडलं. आता सगळ्या गावालाच तीर्थ."

शास्त्राला धरूनच होतं सगळं. दुसऱ्या दिवसापासून घरोघर पुन्हा गाळायची फडकी वाटत फिरले, पण मजुरीवरून तापून आलेला माणूस आधी ओंजळ लावतो, फडकं मग शोधतो.

मुलीचा नारू अख्खा निघाला. ती चौथी पास झाली, आणि जूनमध्ये दप्तर डोक्यावर घेऊन पाचवीच्या वाटेला लागली. मला इतका आनंद झाला की मी घरी आईला मुद्दाम पत्र लिहून कळवलं.

पुढच्या उन्हाळ्यात घरोघर नारू निघाला. त्या मुलीच्या तर दोन्ही पायांत. पाचवीची परीक्षा सुरू झाली तेव्हा ती खाटेवर होती, आणि बापानं दप्तर उचलून माळ्यावर टाकलं होतं. काकूंच्या कानावर गावची दैना गेलीच. त्यांचा निरोप आला, तुमच्याकडे यंदा फारच गरज दिसते, तेव्हा शिबिर दुप्पट मोठं करू, पाद्यपूजेला बायकाही जास्त आणू.

मी संतापून तो निरोप मुलीच्या आईला सांगितला. ती लेकीच्या एका घोट्यावरची काडी फिरवून दुसरीकडे वळत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, त्यास्ले सांगा, आमना पोरेस्ना पाय देवना व्हई गयात. आते शाळामा जावाले पाय कोन दी?"