दुपारी अडीचचा फोन

आमच्या राजकोटात दुपारी एक ते चार बाजार बंद असतो. त्या वेळात माणूस मेला तरी शेजारी चारनंतर रडायला येतात. मी धीरजलाल पानसुरिया, आजी नावाच्या औद्योगिक वसाहतीत माझा बोअरच्या पंपांचा कारखाना आहे. तो वडिलांनी उभा केला आणि मी त्यात एसी बसवला, माझं कर्तृत्व तेवढंच. झोप मात्र माझी स्वतःची, त्यात वडिलांचा काही वाटा नाही.

कालावड रोडच्या एका हॉटेलात ‘धंद्याच्या धुरीणांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता’ असा कार्यक्रम होता. मी धुरीण आहे हे मला आमंत्रण आल्यावर कळलं. कार्यक्रम ठेवणारे बंगळूरचे, त्यामुळे मुख्य भाषण त्यांनी जेवणानंतर ठेवलं. ऊंधियू, उडदाचा गोड अडदिया आणि वर दोन ग्लास छास पोटात असताना सगळं सभागृह डोळे मिटून ऐकत होतं. मला जाग आली ती टाळ्यांनी. शेजारी सावजी भालोडिया खिशातून पेन काढत होता. सावजी म्हणजे आमच्या समोरचा कारखानदार. तो समोरच्या करारावर सही करतोय म्हटल्यावर मीही केली. नंतर कळलं की त्याने पेन मिशी खाजवायला काढलं होतं.

मग त्या बंगळूरच्या कंपनीची नित्या नावाची मुलगी कारखान्यात आली. तिने विचारलं, “तुमच्या धंद्यात दुखतं कुठे?” मी गुडघा दाखवला. ती हसली नाही. मग मी जरा विचार करून सांगितलं की दुपारी आमचा फोन कोणी उचलत नाही. ती म्हणाली, हे खरंच दुखणं आहे का, गिऱ्हाइकांना एकदा विचारून बघा. मी म्हटलं, मालक मी आहे. झालं, तिने माझा आवाज यंत्रात भरला. मी घरी घोरत असायचो आणि यंत्र माझ्याच आवाजात म्हणायचं, “बोला भाई, काय सेवा करू?” रोज संध्याकाळी कोण काय बोललं ते यंत्र मला कळवायचं. मी ते कधी उघडून पाहिलं नाही. वाचायचंही मीच, तर यंत्र कशाला घेतलं?

आठवडाभरात पंपांचे ओतीव भाग पुरवणाऱ्याने आगाऊ पैसे मागितले. देवळात बायका रसीलाला, म्हणजे माझ्या बायकोला, घरी सगळं ठीक आहे ना असं हळूच विचारू लागल्या. बाजारात एकच बोलणं होतं, पानसुरिया दुपारी फोन उचलतो, म्हणजे बुडाला. ज्याची झोप उडाली त्याला उधारी कोण देणार? रसीला म्हणाली, “झोपता तुम्ही आणि अब्रू जाते माझी.”

उत्तरायण, म्हणजे संक्रांत, उलटली तरी अमरेलीच्या हरजीवनकाकांची उन्हाळ्याची ऑर्डर येईना. आमचे निम्मे पंप त्यांच्या दुकानातून जातात. ते सावजीकडे गेले तर निम्म्या कारागिरांना मला घरी पाठवावं लागलं असतं. तेव्हा कुठे माझी झोप खरोखर उडाली.

आणि एका संध्याकाळी काका स्वतःच आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले.

“धीरू, खरं सांग. किती बुडालास?”

मी म्हटलं, काका, काहीच नाही.

“तुझ्या बापाने जन्मात कधी दुपारचा फोन उचलला नाही. तू उचललास. तुझ्या काकीचं ऑपरेशन चालू होतं, इथेच राजकोटात. मला बसवेना. तू झोपलेला असशील हे ठाऊक होतं, नुसती घंटा वाजली तरी धीर येईल म्हणून फोन केला. तू उचललास, म्हणून सगळं सांगितलं. तू म्हणालास, आपली तक्रार नोंदवली आहे. पोरगा असं बोलतो म्हणजे डोक्यावर मोठंच संकट असणार. म्हणून आलो. हवं तर ऑर्डरीचे सगळे पैसे आधी देतो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मी नव्हतो, यंत्र होतं, हे आधी सांगितलं. काकी बऱ्या आहेत का, हे मी त्यानंतर विचारलं. बऱ्या होत्या, टाके सुकत होते.

जाताना काका म्हणाले, “दुपारी आम्हीही झोपतो रे. आमचं दुखणं वेगळंच आहे. पंप जळला की तुझी माणसं चुकीचा भाग पाठवतात आणि शेतकरी माझ्या दारात येऊन बसतो. त्यावर बसव की तुझं यंत्र.”

नित्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, “आधी घोडं कुठे पेंड खातंय ते शोधा, यंत्र मग आणा. त्या दिवशी भाषणात सर हेच बोलले होते. तुम्ही होतात ना सभागृहात?” मी होतो म्हटलं, ते खोटं नव्हतं.

आता पंप कुठे, कसा जळला ते ऐकून कुठला भाग पाठवायचा ते यंत्र सुचवतं, आमचा माणूस तपासून पाठवतो. फोनमधून माझा आवाज काढून टाकला. एक ते चार नुसती घंटा वाजते. बाजारात पानसुरिया सावरला अशी बातमी आहे.

महिन्याभराने मी एकदा मुद्दाम जागा राहिलो आणि दुपारी अडीचला अमरेलीला काकांच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. काकांनी उचलला नाही, काकींनीही नाही. मला फार बरं वाटलं. मग मीही कूस वळवून झोपलो.