मावशींच्या वालाची सोयरीक

मावशी माणसाला नाव विचारायच्या नाहीत, थेट आजोळ विचारायच्या. मुळशीला मी पहिल्यांदा त्यांच्या बांधावर उभी राहिले, तेव्हा तीन प्रश्नांत त्यांनी माझी एक चुलत-चुलत आत्या शोधून काढली. "मंग घरचीच की! बस, चा पी." ती आत्या मला आजतागायत भेटलेली नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला मी पुण्यात पीएच.डी. करत होते. भात निघालं की तिकडे त्याच ओलीवर वाल पेरतात. त्या वालाच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हा माझा विषय. सत्तरी ओलांडलेल्या मावशी माझ्याबरोबर वाफ्यात वाकायच्या आणि वर टोमणा मारायच्या, "येवढी शिकलीस आन् मुळं उपटत फिरतीस? आईला ठाव हाय का?"

मी त्यांना समजावलं. जिवाणूच्या जनुकांत काही तुकडे भटके असतात, एका जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन बसतात. ते कुठेकुठे बसलेत त्यानुसार एक्स-रेच्या फिल्मवर काळ्या रेघा उमटतात. दोघांच्या रेघा जुळल्या की नातं जवळचं. "म्हंजी सोयरीक बघतीस. तसं सांग की मंग!" आमच्या सरांना हेच पटवायला मला दोन सेमिनार द्यावे लागले होते.

सगळं छान चाललं होतं आणि माशी शिंकली. मावशींच्या रानातले आणि पार पौडजवळच्या एका शेतातले जिवाणू रेघ न् रेघ सारखे निघाले, आणि मधल्या सगळ्या शेतांतले वेगळे. सर म्हणाले, "तुमच्याकडून नमुन्यांच्या नळ्यांची अदलाबदल झालीय. सगळं पुन्हा करा." पुन्हा म्हणजे तीन वर्षं! फेलोशिप संपत आलेली. खरं सांगते, घोळ मीच घातला असणार असं मलाही वाटायला लागलं होतं.

मावशींच्या ओसरीवर बसून मी चक्क हुंदके देऊन रडले. त्यांनी पौडचं शेत कुणाचं ते विचारलं. मी नाव सांगताच त्या हसतच सुटल्या. "अगं पोरी, ती माजी धाकटी भन हाय! परकराच्या वयात येकाच मांडवात दोघींची लगीनं झाली. आईनं दोघींस्नी वालाचं बी दिल्यालं, आबांच्या रानातल्या तांबड्या मातीत घोळून. तसं केलं म्हंजी कीड लागत न्हाई."

म्हणजे जिवाणू त्या मातीबरोबरच दोन्हीकडे आले असणार! दुसऱ्याच दिवशी सरांना एस.टी.त घालून आणलं. दोन्ही शेतांतली रोपं त्यांनी स्वतः उपटली, नळ्यांवर नावं स्वतः घातली. महिन्याने फिल्म निघाली. रेघा तशाच्या तशा! सर म्हणाले, "आता त्यांच्या माहेरच्या रानातली माती आणा."

मी फिल्म घेऊन उड्या मारत मुळशीला गेले. "मावशी, तुमच्या माहेरची माती हवीय. कुठलं गाव?"

मावशींनी धरणाकडे हात केला. "तितं. पान्याखाली."

इतक्या खेपा घातल्या, पण हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी नुसती फिल्म उजेडात धरली आणि त्यांच्या रेघा कुठल्या, बहिणीच्या कुठल्या, ते दाखवलं. त्यांनी दोन्हींवरून बोट फिरवलं.

"म्हंजी आबांचं रान बुडालं, पर त्यातलं ह्ये जित्तं हाय?"

"हो, मावशी."

"मंग धाकटीला सांगाया पायजे," म्हणत त्या उठल्या आणि पौडची एस.टी. गाठायला निघाल्यासुद्धा. फिल्म त्यांनी परत दिली नाही. थिसिससाठी मी दुसरी काढली.