काकांची हलकी सायकल

जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ वजनात आहे, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्याच नात्यातला निघाला. वडिलांचे हे चुलतभाऊ, म्हणजे आमचे काका, दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत राहुरीच्या कचेरीत कारकून होते. त्यांची एकच चैन, सायकल. घेतली तेव्हा ती चारचौघींसारखी धडधाकट होती. मग लोखंड जितकं कमी तितका वेग जास्त, हे काकांच्या डोक्यात शिरलं आणि त्यांनी ती सोलायला घेतली. आधी घंटी गेली, कारण देवानं गळा दिलेलाच होता. मडगार्ड गेले तेव्हा पावसाळ्यात काकांच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चिखलाचा पट्टा उमटू लागला आणि काकूंना साबण पुरेना. चेनवरचं झाकण गेलं, मग धोतराचा सोगा त्या वाटेनं जाऊ लागला. काढलेला प्रत्येक भाग काका किराणा दुकानाच्या तराजूत टाकून बघत. एकदा दुकानदारानं त्यांच्या गरगरीत देहावरून नजर फिरवली आणि म्हणाला, "काका, सायकलीत काढन्याजोगं आता काय ऱ्हायलं न्हाई. जरा जेवन कमी करून बघा." काका शांतपणे म्हणाले, "मी ओझं नव्हे. मी इंजिन आहे."

सीटखालच्या स्प्रिंगा काढल्या त्या आठवड्यात मात्र इंजिन उभ्यानंच जेवत होतं. रस्ते सगळे खडीचे, आणि हलकी सायकल प्रत्येक खडीवर उडायची. शेवटी काकांनी सीटवर घोंगडीची घडी बांधली. ती स्प्रिंगांपेक्षा जड भरते, हे मी दाखवून दिलं, तर घोंगडी हा कपड्यांतला प्रकार असून तिचं वजन सायकलीत धरायचं नसतं, असं मला समजावण्यात आलं. कॅरियरही असंच निघालं होतं. ते काकूंनी मोरीजवळ नेऊन त्यावर पाण्याची घागर ठेवली होती, आणि सायकलीचा एवढा एकच भाग घराच्या उपयोगी पडला, असं त्या म्हणत.

एके सकाळी कोल्हारचा एक शेतकरी, काकूंच्या माहेरचा शेजारी, दारात आला. काकू एकुलती लेक; माहेरी म्हातारी आई एकटीच. तो म्हणाला, "म्हातारीचं लई झालंया. तुमचंच नाव घेतीया. सांज धरंल, आसं काय वाटत न्हाई." त्याची बैलगाडी बाजार उरकून दुपारी निघणार होती. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारीचा भरवसा नव्हता. काका नुसते सायकलीकडं बघत उभे राहिले. काकूंनी मोरीजवळची घागर उतरवली आणि कॅरियर आणून काकांच्या हातात दिलं.

ब्राह्मणाची बाई नऊवारी नेसून सायकलवर मागं बसलेली तेव्हा कुणी पाहिली नव्हती. म्हणून गाव आलं की काकू वेशीबाहेर उतरायच्या, काका सायकल हातात धरून पुढं, त्या चार पावलं मागं, आणि गाव संपलं की पुन्हा बसायच्या. वेगासाठी धोतरं फाडून घेतलेला माणूस त्या दिवशी प्रत्येक गावातून पायी गेला. पुढं काकूंनी माझ्या आईला सांगितलं, की चढाला काकांना धाप लागत होती, पण मागं वजन होतं म्हणून सायकल उडत नव्हती, आणि ते एकदाही कुरकुरले नाहीत. कोल्हारची वेस आली तसे काका सवयीनं थांबू लागले. तिथं तर काकूंना सगळं गाव ओळखत होतं. काकू म्हणाल्या, "थांबू नका. चला तशीच." आणि भर बाजारातून, डोक्यावरचा पदर सांभाळत, माहेरच्या दारापर्यंत त्या सायकलवरून गेल्या.

काकूंची आई शुद्धीवर होती. "कशी आलीस गं?" तिनं विचारलं. काकू म्हणाल्या, "यांच्या सायकलवर." म्हातारीला हसू आलं म्हणे. पहाटे ती गेली.

त्यानंतर काकांनी सायकलीचा साधा स्क्रूही काढला नाही. कॅरियरबद्दल कुणी छेडलंच, तर म्हणत, "असू दे. हिला कधी जावंसं वाटेल, सांगता येत नाही." पण आई गेल्यावर काकूंना कोल्हारला जायला कुणी उरलं नव्हतं, आणि त्या पुन्हा कधी सायकलवर बसल्या नाहीत. काका पेन्शनीत निघेपर्यंत ते कॅरियर तसंच रिकामं कचेरीला जाऊन येत राहिलं. मला ते बघून वाईट वाटे. काकूंनाही वाटत असावं. सायकल दारात आली, की त्या कुणी बघत नाही असं पाहून पदरानं कॅरियर पुसून घेत.