निलगिरीचं कोमट पाणी

मुलीला सर्दी झाली म्हणून आज वाफेच्या पाण्यात निलगिरीचं तेल टाकलं, आणि तिलक नगरच्या भाड्याच्या घरातली ती जानेवारीची सकाळ समोर उभी राहिली.

अर्धांगवायूने बाबा अंथरुणाला खिळले होते. आई रोज सकाळी याच वासाच्या कोमट पाण्याने त्यांचं अंग पुसायची. रविवारीही तेच. "चर्चला येत नाहीस, आराधना सुटली तुझी," असं चर्चमधल्या एक काकू म्हणाल्या, तेव्हा आई फडकं पिळत म्हणाली, "मग हे मी कोणासाठी करते?" आवाजात गोडवा नव्हता. थकून गेली होती ती.

त्या सकाळी बाबा गेले. त्यांना शेवटची आंघोळ घालायला चर्चमधले काहीजण आले. एकाने नळाखाली बादली लावली. पाणी हात बधिर करणारं होतं.

"थांबा भाऊ," आई म्हणाली, "मी तापवून देते."

"आता त्यांना काय कळणार आहे, आई?" मी रडत ओरडले.

तिने पाणी तापवलं, निलगिरीचे थेंब टाकले, कोपर बुडवून पाहिलं आणि मग बादली पुढे सरकवली.

दुःखाने तिचं भान गेलंय, असं मला तेव्हा वाटलं. आज वाफेने डोळे चुरचुरताना कळतंय, की भान माझंच गेलं होतं. बाबा गेले होते. पण ज्या प्रभूसाठी ती रोज पाणी तापवायची, तो त्या सकाळीही घरातच होता.