झल्लाकच्या वाटेवरचं तळं

माशाला खोटी माशी दाखवून फसवायची विद्या मी बहरीनमध्ये शिकलो, हे सांगितलं की वसईतले आमचे लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात. चारी बाजूंनी समुद्र, आणि हा गृहस्थ बागेतल्या तळ्यात तळहाताएवढ्या चिलापी धरत बसायचा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझा एक रत्नागिरीकर दोस्त सित्र्याच्या तेल रिफायनरीत फिटर होता. त्याचा इंग्रज साहेब मायदेशी जाताना त्याला एक लवचिक काठी आणि जाड दोरी देऊन गेला. यात गांडूळ नाही, कोलंबी नाही. गळाला पिसं बांधून माशी करायची आणि ती पाण्यावर अलगद उतरवायची. पिसं मी पुरवायचो. हॉटेलात हाउसकीपिंग माझ्याकडे होतं, आणि झुंबरं झटकायचे पिसांचे झाडू तिथे फार लवकर विरळ होत. मॅनेजरसमोर मी गंभीर चेहऱ्याने दमट हवेला दोष देई.

तळं झल्लाक गावाच्या वाटेवर, एका म्हाताऱ्या बहरीनी माणसाचं. त्यांना आम्ही हाजी म्हणायचो. जमिनीतून उसळणाऱ्या झऱ्याचं गोडं पाणी, आणि त्याच पाण्यावर त्यांची खजुराची बाग. मुलाने रिफा शहरात बंगला बांधला होता. आजूबाजूला बोअर पडतायत, झरा आटायच्या आत बाग विकून आमच्याकडे राहायला या, नंतर हिला कोणी विचारणार नाही, असं तो सांगून थकला होता. हाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ते झाडाखाली खाटेवर बसत आणि आम्ही निघालो की मोडक्या हिंदीत विचारत, "मछली कितना?" मासे आहेत तोवर झरा जिवंत आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही नुसती हवा झोडली. माझी माशी खजुराच्या झावळीत अडके, एकदा तर दोस्ताच्या टोपीत.

"मासे झाडावर राहतात काय रे तुमच्या वसईत?"

"तुझ्या डोक्यात काही आहे का ते बघत होतो."

दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र हात बसला. माशी टेकायचा अवकाश, की चिलापी झडप घाले. मी तळ्याला वाकून मुजरा करी. इंग्रजाने आता आपल्याकडे शिकायला यावं, असं दोस्त म्हणे. हाजींना आकडा सांगताना मी आवाज असा चढवायचो, की म्हातारा खाटेवर मांडी ठोकून हसे.

एका शुक्रवारी मुलगा गिऱ्हाईक घेऊन आला. हाजी मला म्हणाले, "दिखाओ इनको." मला प्रेक्षक मिळाले, मग काय. मी बाह्या सरसावल्या आणि एकामागून एक मासे काढले. शेवटचा तडफडता मासा हाजींच्या ओंजळीत ठेवला. त्यांनी तो गिऱ्हाइकासमोर धरला.

"खलास. बाग नहीं बेचेगा."

गिऱ्हाईक गेलं. मुलगा रागावला नाही. काठावर येऊन त्याने मला हळूच विचारलं, "पानी देखा तुम?"

"गर्मी है," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर दोस्त म्हणाला, "आज आपण उभे होतो ना, तिथे पोचावी म्हणून गेल्या वर्षी दोरी फेकायचो."

आमचा हात बसलाच नव्हता. तळं आक्रसलं होतं, आणि तेवढेच मासे उरलेल्या पाण्यात दाटीवाटीने, उपाशी फिरत होते.

पुढच्या शुक्रवारी आम्ही मुलाला गाठून गिऱ्हाइकाला परत बोलवायला सांगितलं. पण गिऱ्हाइकाने तोवर शेजारची बाग घेतली होती. हिवाळा संपेपर्यंत झावळ्या तांबूस झाल्या, पांढऱ्या पोटाचे मासे चिखलात उलटे पडले आणि वास खाटेपर्यंत पोचला. त्या दिवशी हाजींनी आम्हाला काही विचारलं नाही. दोन्ही हात पुढे केले, "ले चलो."

एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने दोस्त. जिथे बसून जन्मभर नमाजाआधी हातपाय धुतले, वजू केला, त्या दगडावर ते बसले, बाही वर केली आणि हात खाली घातला. मग ओणवे झाले. मग छातीवर पालथे पडले. खांद्यापर्यंत हात खाली, आणि बोटं हवेत चाचपडत होती.

"और नीचे?"

"हां हाजी," दोस्त म्हणाला. "और नीचे."