वैशालीचे रुंद वार

सुनीलचा फोन आला तेव्हा मी बदलापूरला आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "ताई, ये," एवढंच तो म्हणाला आणि फोन तसाच चालू राहिला… पलीकडे कुणाच्या तरी चपला वाजत होत्या, कुणी तरी चादर मागत होतं. सुनील माझा धाकटा भाऊ. फोनवर थोडक्यात बोलणं त्याला आयुष्यात जमलेलं नाही, त्यामुळे मला पुढे काही विचारावंच लागलं नाही. माझी भावजय, वैशाली, गेली होती. रिक्षात बसल्यावर पहिल्यांदा डोक्यात काय आलं, तर आज शुक्रवार, म्हणजे तिचा रुंद वार. अशा वेळी माणसाला असलं काही सुचावं याची तेव्हा माझी मलाच लाज वाटली. आता महिना उलटून गेल्यावर वाटतं, तिची आठवण दुसऱ्या कशाने सुरू झालीच नसती.

रुंद वार म्हणजे काय ते सांगते. वैशाली अंबरनाथला एका रंगाच्या कारखान्यात प्लॅनिंगमध्ये होती. कुठल्या मशीनवर कुठला माल कधी चढणार, हे ठरवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. मग किडन्या निकामी झाल्या, नोकरी सुटली आणि उल्हासनगरला डायलिसिस सुरू झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सुनील स्कूटरवरून सोडायचा आणि तिचं होईपर्यंत सेंटरखालीच बसून राहायचा. सुरुवातीला घरी आली की ती भिंतीकडे तोंड करून पडायची. पुढे कधी तरी मोबाइलवर तिने बुलेट जर्नल नावाचा प्रकार पाहिला. फिकट ठिपक्यांची कोरी वही घ्यायची आणि दर आठवड्याची पानं आपली आपण आखायची. मला ते सगळे थेर वाटले, खोटं कशाला बोलू? आमच्याकडे बँकेची डायरी फुकट येते, ती मी तिच्यापुढे नेऊन ठेवली. तिने ती उघडून पाहिली आणि परत दिली. म्हणाली, "ताई, छापील डायरीत सगळे वार एकाच मापाचे असतात. माझे कुठे तसे आहेत?"

अंबरनाथलाच पालेगावच्या बाजूला त्यांचा नवा फ्लॅट आहे. तिथे जेवणाच्या टेबलावर रविवारी दुपारी तिचं आखणं चालायचं. आधी पेन्सिल, मग काळं पेन. मंगळवार, गुरुवार, शनिवार यांना ती बोटभर पट्ट्या द्यायची. वजन आणि बीपी कसंबसं मावेल एवढ्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार ऐसपैस, तेच तिचे रुंद वार. रविवार खाली आडवा. कोपऱ्यात पाण्याचे छोटे पेले काढलेले असायचे, कारण तिला पाणी मोजूनमापून होतं. घोट घेतला की एकेक पेला निळा व्हायचा. उन्हाळ्यात ते पेले दुपारच्या आतच निळे झालेले असत आणि मग संध्याकाळभर ती बर्फाचा खडा चघळत बसे. मी एकदा म्हटलं, अगं, औषधं, रिपोर्ट, डॉक्टर काय म्हणाले, सगळं त्याच दिवशी असतं आणि त्याच दिवसाला जागा नाही? तर म्हणाली, ते सेंटरवाल्यांच्या फाइलीत आहे. ही वही त्यांची नाही.

बुधवारी ती माझ्याकडे जेवायला यायची. काय करायचं ते मी ठरवायचं नसे, ते आधीच तिच्या पानावर लिहिलेलं असायचं. बटाटा चिरून पाण्यात ठेवायचा, नारळ नाही, मीठ नाहीच. माझं स्वयंपाकघर तिने न विचारता आपल्या प्लॅनिंगमध्ये घेतलं होतं. नणंद-भावजयांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात. आमचं तसं नव्हतं, पण ती ऐकून घेणारी होती असंही नाही. बाजारातल्या वहीत तिचं पेन मागच्या पानावर उमटायचं, तर तिने उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका सिंधी दुकानदाराकडून जाड कागदाच्या वह्या बांधून घेतल्या. तो तिला आधी नमुना दाखवायचा. "डॉट हल्के रखे हैं, दीदी. आपकी लाइन के नीचे दिखेंगे नहीं." ती कागद उजेडात धरून बघायची आणि नापास करायची. तोही बिचारा मुकाट्याने दुसरा आणायचा.

गेल्या वर्षी तिचे हात कापायला लागले. पट्टी सरकायची, रेघ वाकडी जायची, मग ती पान फाडायची. ते सुनीलला बघवेना. एका रविवारी ती झोपलेली असताना त्याने स्वतःच आठवडा आखून ठेवला. पट्टी लावून, रंगीत चिकटपट्ट्या लावून, अगदी मन लावून. फक्त मंगळवार, गुरुवार आणि शनिवार त्याने सगळ्यांत मोठे केले होते, कारण त्याच्या हिशेबाने लिहायचं तर त्या दिवशीच असतं. मी तेव्हा तिथेच होते. ती उठली, चष्मा लावला, पान पाहिलं. "सुनील, तू माझा अख्खा आठवडा त्यांना देऊन टाकलास रे," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. त्याचं तोंड एवढंएवढंसं झालं. तिने ते पान फाडलं नाही. त्या मोठ्या चौकोनांवर तिने कोरे कागद चिकटवले आणि बोटभर जागा उघडी ठेवली. त्यानंतर ती माप सांगायची आणि तो आखायचा.

पुढे रुंद वारही रुंद राहिले नाहीत. मंगळवारचा थकवा बुधवारभर पुरायचा. ती माझ्याकडे यायची बंद झाली, मीच डबा घेऊन जायची, आणि तो बहुतेक वेळा तसाच परत आणायची. पान मात्र आधीच्याच मापाने आखलं जायचं, बुधवार ऐसपैस आणि पूर्ण कोरा. मला ते बघवत नसे. एकदा राहवलं नाही, म्हटलं, बुधवारी तू झोपूनच असतेस, मग एवढी जागा रिकामी ठेवायची कशाला? ती डोळे मिटूनच बोलली. "रिकामी असू दे. माझी आहे."

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. परवाच्या रविवारी मी अंबरनाथला गेले. सुनील दाढी न करता टेबलाशी बसला होता. पुढ्यात वही होती आणि दोन्ही पानं कोरी. मला वाटलं, जुनी पानं चाळत कोऱ्या पानांपर्यंत आला असेल, म्हणून मी चहा टाकायला गेले. कप ठेवायला गेले तर त्याच्या हातात पेन्सिल आणि पट्टी. बुधवार त्याने आखून घेतला होता, तिचा असायचा तेवढाच. त्याच्या अलीकडे, मंगळवारच्या जागेवर, पट्टी ठेवून तो नुसता थांबला होता.

"मंगळवारी मी अजून जातो, ताई," तो म्हणाला. "सेंटरखाली स्कूटर लावतो. तिची सुटायची वेळ होईपर्यंत बसतो, मग घरी येतो. गुरुवारीपण. शनिवारीपण." हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने पट्टी थोडी सरकवली, परत मागे घेतली. "केवढा धरू?"

जाऊ नकोस, असं म्हणायला हवं होतं. थोरली बहीण आहे मी, घरातल्या साऱ्यांना काय करावं, काय नाही ते सांगत आले.

"बोटभर धर," मी म्हटलं. "पण धर."

त्याने रेघ ओढली.